आग्रह

कोल्हापूर, २४ जून १९८५

नंदा,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात थांबला. लिहिला आहे असं समज.

शेजारच्या शालूबाई परवा तुझ्या गडहिंग्लजहून, लेकीकडनं परत आल्या. नळावर सगळ्या बायकांच्या देखत म्हणाल्या, "नंदीला तिसरा सरला की! तुमास्नी ठावं न्हाय व्हय?" मी म्हटलं, ठाऊक आहे. घागर उचलली आणि घरी आले.

तू कळवलं नाहीस म्हणून रागावलेली नाही. कोणत्या तोंडानं रागावू? तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि तुझा भाऊ जाऊनही दोनच वर्षं झाली, दोन दिवस कमी. एवढ्या दिवसांत तुझं एकच पत्र आलं. 'नरूच्या खोलीची कडी मी लावली होती की नव्हती, मला आठवत नाही. रोज आठवून बघते.' बस, इतकंच. ते पत्र मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं आहे. उत्तर दिलं नाही. लिहायला बसले की काही ना काही काम निघायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. काल मी अण्णांपुढे विषय काढला. त्यांनी पेपरची घडी घातली, टोपी घातली आणि दुकानात जातो म्हणून निघून गेले. काल रविवार होता, शाहूपुरीतलं त्यांचं इंजिनांचं दुकान बंद असतं.

त्यांचं मनावर घेऊ नकोस. नरू गेला त्या दिवशी तू हळदीच्या अंगानं धावत आलीस आणि ते दारातच म्हणाले, "तुला एक कडी लावायची शुद्ध राहिली नाही?" माणूस दुःखात काहीही बोलतो. मी तिथंच उंबऱ्याशी उभी होते. मी त्यांना गप्प करायला हवं होतं.

जे झालं ते झालं. कडी राहिली असेल तर राहिली. लग्नाच्या गडबडीत कुणाचंही राहतं. तू आता पोटातल्याकडे बघ. सकाळी उठल्या उठल्या चहा घेऊ नकोस, आधी कोरडी भाकरी चावून खा, म्हणजे मळमळत नाही. दूध नको वाटलं तर ताक घे. उपाशी राहू नकोस.

आई


कोल्हापूर, १९ जुलै १९८५

नंदा,

परवा जावयांचं अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर त्यांचं, प्रश्न तुझ्या सासूबाईंचा. 'अव्वा विचारतात, तुमच्या मुलाला जे होतं ते रक्तातलं का?' त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर लग्नाआधीच विचारलं असतं.

म्हणून मी काल मिरजेला जाऊन आले. ज्या डॉक्टरांनी नरूच्या आजाराला नाव दिलं, तेच अजून तिथं आहेत. त्यांनी मला ओळखलं. "मुलगा कसा आहे?" म्हणाले. मी म्हटलं, गेला. "कशानं?" मी म्हटलं, जेवणात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. हे पत्र अव्वांना वाचून दाखव. या आजाराला प्रॅडर-विली म्हणतात, परदेशी डॉक्टरांची नावं आहेत ती. यातल्या बऱ्याच मुलांत एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गळालेला असतो, हे चारेक वर्षांपूर्वी कळलं. गर्भ धरतानाच ते घडतं. आईबापांत काही खोट नसते, शाप नाही, पाप नाही, ग्रहणात काही चिरलं म्हणून झालेलं नाही. मी विचारलं, "आणि त्याच्या बहिणीच्या मुलाला?" ते म्हणाले, "भीती नसल्यात जमा आहे." मी त्यांच्याकडून ते लिहून घेतलं. चिठ्ठी सोबत पाठवते. जपून ठेव.

आता नरूचं पहिल्यापासून सांगते, म्हणजे अव्वांना कळेल की असं मूल जन्मल्या दिवशीच ओळखू येतं. तुझ्या बाळाचं तसं झालं नाही, तर त्यांनी निश्चिंत व्हावं.

तो जन्मला तेव्हा रडला नाही. पाठीवर थापट्या मारल्या, पाणी शिंपडलं, तेव्हा कण्हल्यासारखा आवाज आला. उचलला तर ओल्या फडक्यासारखा दोन्ही बाजूंनी लोंबायचा. छातीला लावला तर तोंडात धरायचा आणि तसाच राहायचा. ओढायचाच नाही. मला दूध उतरलं होतं, छाती दगडासारखी झाली, ताप भरला, आणि पोर उपाशी. प्रसूतिगृहातली दाई म्हणाली, "ओढत न्हाई त्ये जगत न्हाई, बाई. लई जीव लावू नगासा."

मी वाटीत दूध पिळायचे आणि कापसाचा बोळा बुडवून त्याच्या जिभेवर थेंब थेंब सोडायचे. पुढं चांदीचं बोंडलं आणलं, पण बोंडल्यातून धार जोरात यायची आणि दूध नाकातून बाहेर. म्हणून पुन्हा बोळा. एका वेळच्या दुधाला दीड तास लागायचा. मध्येच झोपायचा. तू सात वर्षांची होतीस. तुझं काम होतं, तो झोपला की त्याच्या तळव्याला टिचकी मारायची. शाळेतून आलीस की दप्तर टाकून तू पायांशी बसायचीस. "आई, गिळलं," म्हणून ओरडायचीस. सहा महिन्यांचा झाला तेव्हा चार किलोही भरला नव्हता. तुझी आजी म्हणाली, "सोड आता, त्याला सुखानं जाऊ दे." मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

असं काही तुझ्या बाळाचं होणार नाही. तरीही जन्मल्यावर पहिल्यांदा ते बघ. ओढतं का ते बघ.

तुला बाळंतपणाला आणायला अण्णा अजून हो म्हणाले नाहीत.

आई


कोल्हापूर, २ सप्टेंबर १९८५

नंदा,

बायडाबाई गेली. मंगळवारी. आपल्या खाणावळीत नऊ वर्षं भाकऱ्या थापल्या तिनं, नरूला कडेवर घेऊन एका हातानं पीठ मळायची. शेवटचे आठ दिवस मी रोज जात होते. काहीतरी सांगायचं म्हणत होती. बरंच बोलली, काही कळलं, काही नाही.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. शालूबाई पुन्हा लेकीकडे जाऊन आल्या. त्यांनी तुला ओटी भरायला बोलावलं होतं आणि तुझे हात बघून त्यांना रडू आलं म्हणाल्या. "काड्या झाल्यात पोरीच्या. भात कालवतीया, कालवतीया आन् उठतीया. सासू बिचारी म्हागं म्हागं फिरतीया ताट घिऊन." तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणे की सहावा लागला तरी पोट दिसत नाही, मूल वाढत नाही, अशानं दिवस भरायच्या आत होईल.

नंदा, हे काय चालवलं आहेस? मळमळ असली तर औषध असतं. सासरी काही कमी नाही, शालूबाईंनी शपथेवर सांगितलं. मग घास का उतरत नाही?

का उतरत नाही ते मला ठाऊक आहे. नरूच्या वाट्याची कुलुपं तू बघितलीस.

किती आनंद झाला होता आपल्याला, आठवतं? तो दोन वर्षांचा झाला आणि एक दिवस स्वतःच्या हातानं भाकरीचा तुकडा उचलून त्यानं तोंडात घातला. तिसऱ्या वर्षी "अजून" म्हणायला शिकला. आई म्हणायच्या आधी. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. खाणावळीतली माणसं त्याला आपल्या पानातलं द्यायची. सगळे म्हणायचे, बाळसं धरलं बघा, सरोजिनीबाईंच्या कष्टाचं चीज झालं. मीही खाऊ घातलं. दोन वर्षं थेंब थेंब पाजलेल्या आईनं काय करायचं होतं? आणि चारच्या पुढं तो थांबेना. पाचव्या वर्षी तुझ्याएवढा जड झाला. कच्चं पीठ, म्हशीची पेंड, उष्ट्या पत्रावळी. रस्त्यापलीकडच्या घरात शिरून त्यानं त्यांचा गणपतीचा नैवेद्य संपवला आणि त्यांनी त्याला पायरीवर बसवून मारलं. तो मार खाताना हातातला मोदक चावत होता. तू शाळेतून येत होतीस. तू त्याला हाताला धरून आणलंस आणि त्यानंतर त्या रस्त्यानं कधी गेली नाहीस.

खाणावळ बंद केली ती त्याच वर्षी. अन्नाच्या घरात त्याला ठेवायचं कसं? मिरजेच्या डॉक्टरांनी पुढं सांगितलं की त्याच्या मेंदूला पोट भरल्याचा निरोपच पोचत नाही, जेवून उठला तरी तो उपाशीच असतो, त्याला मोजून द्या आणि बाकी सगळं कुलपात ठेवा, नाहीतर तो खाऊन मरेल. तेव्हापासून किल्ल्या माझ्या कमरेला. डाळीच्या डब्याला कुलूप, दुधाच्या कपाटाला कुलूप. तू परीक्षेच्या दिवसांत चहा करून घ्यायलासुद्धा माझ्याकडे किल्ली मागायचीस. सकाळी दीड भाकरी, दुपारी दीड, रात्री एक. तो कमरेला मिठी मारून रडायचा आणि मी त्याची बोटं एकेक करून सोडवायचे.

तू काही वाईट केलेलं नाहीस. त्याच्या नावानं उपाशी राहून तो परत येणार नाही. तो तर कुणालाच उपाशी बघू शकत नव्हता, स्वतःच्या दीड भाकरीतला तुकडा मांजराला द्यायचा हे तूच मला दाखवलं होतंस. जेव, नंदा. मी पाया पडते तुझ्या. कडीचं डोक्यातून काढून टाक.

आई


कोल्हापूर, ११ सप्टेंबर १९८५

नंदा,

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस. आधी एकटी वाच. मग कुणाला दाखवायचं ते तुझं तू ठरव.

मागच्या पत्राला आठ दिवस झाले. जावयांनी कळवलं आहे की काही फरक नाही. म्हणजे नुसतं जेव जेव लिहून भागणार नाही.

कडी तू लावली होतीस.

लग्नाच्या दिवशी शालू दाखवायला तू कार्यालयातल्या त्याच्या खोलीत गेलीस, बाहेर आलीस, वर हात करून कडी लावलीस. हातात हिरवा चुडा होता, तो वाजला. मी बाहेर व्हरांड्यात नारळांच्या पोत्यापाशी उभी होते. मी बघितलं. बायडाबाई दाराशी बसलेली होती, तिनंही बघितलं.

तुझं लग्न लागलं, पहिली पंगत बसली, तशी मी बायडाबाईकडे गेले. म्हटलं, तू जेवून घे, मी बसते. ती म्हणाली, "वैनी, तुमी व्याह्यांकडं बघा, मी हाय की हितं." मी तिला उठवून घालवलंच. तेव्हा मनात काही नव्हतं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. होतं.

कडी काढून आत गेले. तो खिडकीपाशी स्टुलावर बसला होता. हात मांडीवर, नवा सदरा, शहाण्यासारखा. खिडकीतून पंगत दिसत होती, वास येत होता. गप्प बसलास तर एक जिलेबी देईन, असं मी त्याला कबूल केलं होतं. पदराखालून ती दिली. दोन घासांत संपली. बोटं चाटून झाली. मग म्हणाला,

"आई, ते काका नको म्हणत्यात. तरी त्यांच्या पानात वाढत्यात."

"त्याला आग्रह म्हणतात."

"खाणावळीत तू करायचीस."

"हो."

"मला कर की."

साडेतेरा वर्षांचा होता. रडत नव्हता, हट्टही करत नव्हता. दुसऱ्या कुणासाठी मागावं तसं मागितलं त्यानं.

मी परक्या माणसांना वाढलं, नंदा. 'आणखी अर्धी घ्या, कोरड्यास वाढू का' म्हणून माझा नावलौकिक होता. आणि पोटच्या पोराला, तो पाच वर्षांचा झाल्यापासून, मी नाहीच म्हणत आले. मला वाटलं, आज बहिणीचं लग्न आहे. एक दिवस. एक दिवसानं काय होणार आहे?

मी ताट वाढून आणलं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, चार जिलेब्या. समोर बसले. "घे. लाजू नकोस. अजून एक पुरी घे. तुझ्या ताईचं लग्न आहे." तो हसत होता. हसला की त्याचे डोळे मिटायचे ना, तसे मिटले होते. दुसऱ्यांदा आणलं. मग आचाऱ्याला सांगितलं, वऱ्हाडाच्या खोलीत द्यायचं आहे, आणि भाताचं पातेलं आणि जिलेबीची परातच उचलून आणली. डॉक्टरांनी सांगितलेलं मला तोंडपाठ होतं. तरी मी वाट बघत होते. माणसं करतात तसा तो कधीतरी पानावर हात आडवा धरेल आणि म्हणेल, नको आई, बास. मला ते एकदा ऐकायचं होतं. माझ्या हातानं त्याचं पोट भरलेलं मला बघायचं होतं.

त्यानं हात आडवा धरला नाही. मी वाढत होते तोवर तो खात होता.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, विहिणींची पंगत बसली, चला. मी अव्वांना आग्रह करायला बाहेर गेले. पातेलं आणि परात आत होती. मी विसरले नव्हते. ठेवून गेले. कडीही लावली नाही. आजच्या दिवशी तरी त्याला कोंडल्यासारखं वाटू नये, म्हणून.

परत आले तर दाराशी गर्दी. पातेलं रिकामं, परात रिकामी. सगळ्यांना वाटलं तो बाहेर येऊन चोरून घेऊन गेला. अण्णा ओरडत होते, कडी कुणी काढली? बायडाबाई हात धुऊन आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग ती म्हणाली, "नंदाताई आलती भेटाया." ती मला वाचवत होती आणि त्यासाठी तिनं तुला पुढं केलं. मी एक शब्द बोलायचा होता. तू मांडवातून मुंडावळ्यांसकट उठून आली होतीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. मी बोलले नाही.

आणि एवढ्यावर संपलं नाही. संध्याकाळी तुझी पाठवणी झाली तेव्हा त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किती खाल्लं, कधी? अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ठाऊक नाही. चोरून खाल्लंय." डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. दुखतं का रे? नरू म्हणाला, "न्हाय. भूक लागलीया." त्याला दुखतच नसे, विस्तवावर हात पडला तरी कळत नसे, हे त्या डॉक्टरांना कुठलं ठाऊक? पोरगं हसतंय, ओकत नाही, रडत नाही. त्यांनी पाचक दिलं आणि सकाळी बघू म्हणाले. मी पातेलं आणि परात सांगितली असती तर त्यांनी सकाळची वाट बघितली असती का? हे मी जुलैत मिरजेच्या डॉक्टरांना विचारलं. ते मला म्हणाले, पाणी घेता का?

दुसऱ्या दिवशी दुपारी कापलं तेव्हा आत सगळं फुटलेलं होतं. आत नेताना त्यानं मला विचारलं, "परत आल्यावर देशील?" मी म्हटलं, देईन.

तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. पुढचं तुला ठाऊक आहे. अण्णा दारात तुला बोलले आणि मी उंबऱ्याशी उभी होते.

बायडाबाई शेवटी जे बोलली ते सगळं मला कळलं होतं. ती म्हणाली, "वैनी, पोरीला सांगा. ह्ये खोटं घिऊन मी वर कशी जाऊ?" तिला मी हो म्हटलं आणि तुला मात्र लिहिलं की काही कळलं, काही नाही. ती गेल्यावर हे जाणणारं गावात कुणी उरलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला हलकंसुद्धा वाटलं. मग शालूबाई तुझ्या हातांचं सांगत आल्या.

तू काहीच केलं नाहीस. तू त्याला शालू दाखवलास आणि कडी लावलीस.

मला शिव्या द्यायच्या असतील तर दे. पण जेवून दे.

सरोजिनी


कोल्हापूर, २८ डिसेंबर १९८५

नंदा,

तू उत्तर पाठवलं नाहीस, ते योग्यच केलंस. तरी लिहिते, कारण इकडचं तुला दुसरं कुणी सांगणार नाही.

तुला लिहिलेलं पत्र टाकून आले त्याच संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ते दुकानातून येऊन सदरा काढत होते. एक हात बाहीत तसाच राहिला. सगळं ऐकलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "पोरीला मी काय बोललो होतो, ठाऊक आहे ना तुला?" नंतर तुझ्या नावानं कार्ड लिहायला बसले. तीन फाडली, चौथं टाकलं. त्यात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

तेव्हापासून ते माझ्या हातचं जेवत नाहीत. स्टोव्हवर स्वतःचा भात लावतात, वर लोणचं घेतात. भांडी स्वतः घासतात. घरात दोन चुली झाल्या आहेत.

'मुलगी झाली, अण्णांनी यावं' एवढं तुझं कार्ड आलं तेव्हा त्यांनी ते माझ्यासमोर दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. परवा ते परत आले. मी दारात उभी होते. चपला काढता काढता म्हणाले, "दोन किलो दोनशे. बारकी आहे, पण जोरात ओढते." तीन महिन्यांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी विचारलं, "आणि नंदा?" म्हणाले, "जेवते." मग आत जाऊन स्टोव्ह पेटवला.

मी डिंकाचे लाडू केले नाहीत. करायला घेतले होते, मग डिंक परत बरणीत भरला. माझ्या हातचं तुला खावंसं वाटेल न वाटेल. अव्वा करतील.

सरोजिनी


कोल्हापूर, १६ जून १९८६

नंदा,

न सांगता निघून आले. तुला राग आला असेल. तुझ्या दिरानं स्टँडपर्यंत मागं येऊन विचारलं, त्याला मी धड काही सांगू शकले नाही, म्हणून हे लिहिते.

'उष्टावणाला मामा लागतो. मामाच्या जागी अण्णा बसतील. तुम्ही या. घास भरवायचा नाही.' असं तू कळवलं होतंस. तू मला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतंस. तरी मी आले. शालूबाईंना बरोबर घेतलं, एकटीनं यायचं धाडस होत नव्हतं.

अव्वांनी मला आत बोलावलं, तेव्हा मी दाराजवळच बसले ते त्यांचा मान राखला नाही म्हणून नव्हे. त्यांना तसं सांग. त्या फार चांगल्या आहेत. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. तू त्यांना किती सांगितलं आहेस ते मला ठाऊक नाही.

मुलगी तुझ्यासारखी आहे. कपाळ तुझं. अण्णांच्या मांडीवर बसली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कुणीतरी म्हणालं, मामा कुठं आहे मुलीचा? तू म्हणालीस, "नाही." तेवढंच म्हणालीस आणि खिरीची वाटी अण्णांच्या हातात दिलीस. मी त्या वेळी भिंतीकडे बघत होते.

पहिला घास तिनं घेतला. तोंड वेडंवाकडं केलं, मग गिळला. दुसऱ्याला तिनं स्वतःच मान पुढं केली. सगळे हसले. तिसरा घेतला, थोडा ओठांवर आला, तू पदरानं पुसलास. चौथा घास अण्णांनी पुढं केला आणि तिनं मान फिरवली. अण्णांनी चमचा पुन्हा तोंडाशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटले, दुसरीकडे तोंड केलं आणि हातानं चमचा ढकलून दिला. खीर अण्णांच्या धोतरावर सांडली. अव्वा म्हणाल्या, "बास झालं तिला, बेडऽ म्हणतीया, नको म्हणतीया." पुन्हा सगळे हसले. अण्णांना मात्र हसू आलं नाही, त्यांनी मान वर करून दाराकडे, माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर मला तिथं बसवेना.

मागच्या दारानं निघाले आणि चालत स्टँडवर आले. ऊन होतं. शालूबाई माझी पिशवी घेऊन धावत मागं आल्या. "अवो, काय झालं? कोन काय बोललं का?" त्या सारखं विचारत होत्या. गाडी लागली, आम्ही बसलो, तरी त्या विचारत होत्या.

मी म्हटलं, कुणी काही बोललं नाही. पोरीचं पोट भरलं.

सरोजिनी